‘डायपर मिळतील का?’ : सांभाळ करणाऱ्या एका सुनेचं प्रकरण

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका खाडीकाठच्या गावातलं आहे. सुमन हे नाव बदललेलं आहे. गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत, आणि तिच्या संमतीनेच हे लिहीत आहोत. आमची संस्था छोटी आहे. दोन कार्यकर्त्या, ठरलेल्या दिवशी येणाऱ्या एक निवृत्त परिचारिका, आणि कमोड खुर्ची, वॉकर, गाद्या असं वापरायला देण्याचं साहित्य, एवढाच आमचा पसारा. घरातल्या आजारी माणसाचं सगळं करणारी जी व्यक्ती असते, तिच्यासाठी आम्ही काम करतो. ही व्यक्ती बहुतेक वेळा बाईच असते, आणि तिच्या कामाला पगार नसतो, सुटी नसते.

पार्श्वभूमी

सुमन चाळिशी ओलांडलेली, दहावी पास. नवरा मच्छीमार बोटीवर खलाशी होता. तो आजारपणात गेला आणि त्यानंतर दोन वर्षांनी सासरेही गेले. घरी सासूबाई, सुमन आणि तिची बारावीतली मुलगी. थोरले आणि धाकटे दीर मुंबईकडे नोकरीला, विरार आणि डोंबिवलीत बिऱ्हाडं. नणंद खाडीपलीकडच्या गावात दिलेली.

सासूबाईंना पंचाहत्तरीच्या सुमारास अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. समजतं मात्र सगळं. डाव्या हाताने हात दाबून त्या हो-नाही सांगतात. झटक्याआधी सुमन काजूच्या कारखान्यात सोलणीला जायची आणि वाडीच्या बचतगटाची वही लिहायची. झटक्यानंतर दोन्ही सुटलं. ‘आता आईला कोण बघणार’ हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, कारण उत्तर सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं.

घराची जागाही सांगायला हवी, कारण पुढचे बरेच निर्णय तिच्यामुळे झाले. डांबरी रस्ता वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे. तिथून घरापर्यंत चिऱ्यांची उतरती पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट. १०८ ची रुग्णवाहिका वरच थांबते. सासूबाईंना कुठे न्यायचं तर चौघांनी खुर्चीत बसवून पाखाडी चढायची, आणि गावात कमावते चार पुरुष असतात ते गणपतीत नाहीतर शिमग्यात.

अडचण

जूनमध्ये गावातल्या आशाताईंचा, म्हणजे आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशा सेविकेचा, फोन आला. ‘एका आजींसाठी डायपर मिळतील का?’ मागणी रास्त होती. इतर वेळी सुमन जुन्या सुती साड्यांचे तुकडे वापरून धुऊन वाळवायची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे जून ते सप्टेंबर कपडा वाळत नाही. चुलीवरच्या दांडीवर रात्रभर टाकलेले तुकडे सकाळी ओलसरच असत.

घरी गेल्यावर दिसलं ते डायपरच्या पुढचं होतं. सासूबाईंच्या माकडहाडावर बेडसोर झाला होता, रुपयाएवढा, पण कातडीच्या खाली गेलेला. खाट जमिनीलगत होती, त्यामुळे सुमन दिवसातून कितीतरी वेळा वाकून त्यांना ओढत होती. ओढल्याने कातडी घासली जात होती आणि सुमनची कंबरही जात होती. आदल्या आठवड्यात विहिरीवर तिला चक्कर येऊन ती पडली होती. उपकेंद्रात रक्तदाब मोजला तर १८० वर ११०. गोळ्या पूर्वीच सुरू झाल्या होत्या, पण त्या आणायला प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं तर सासूबाईंजवळ बसायला कुणी नाही, म्हणून बंद पडल्या.

आम्ही तिला तिच्या स्वतःच्या त्रासाबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘माझं काय, मी हिंडती-फिरती आहे.’ निघताना पाखाडीपर्यंत सोडायला आली आणि मग हळू आवाजात बोलली, ‘आईचं काही झालं की मला या घरात ठेवतील ना?’

खरं तर सगळ्या प्रकरणाचा पीळ या प्रश्नात होता. तीन वर्षं ती ज्या घरात राबत होती, त्या घराच्या कुठल्याच कागदावर तिचं नाव नव्हतं. सातबारा अजून सासऱ्यांच्याच नावे होता.

पहिला निर्णय: नोंद कुणाच्या नावाची?

आमच्या जुन्या अर्जात पहिला रकाना रुग्णाच्या नावाचा होता. त्या हिशेबाने ही केस सासूबाईंची, म्हणजे जखम भरली आणि डायपर पोचले की काम संपलं. आम्ही बसून ठरवलं की ही केस सुमनची आहे. एकदा हे ठरल्यावर प्रश्नही बदलले. जखम किती खोल याबरोबरच सुमन रात्री किती वेळा उठते, तिच्या हाताशी स्वतःचे किती पैसे आहेत, ती माहेरी शेवटची कधी गेली, हे विचारणं आलं.

डायपर लगेच दिले, पण फक्त रात्रीसाठी. दिवसा डायपर बांधून ठेवला की ओल कातडीला लागून राहते आणि जखम चिघळते, हे परिचारिकाबाईंनी समजावलं. दिवसा खाली मेणकापड आणि वर बदलता येईल असं कापड घालायचं ठरलं.

मग आठवडाभराची टिपणं ठेवायला सांगितली. मुलीने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती लिहिली. आई किती वाजता उठली, काय केलं, किती वेळ लागला, एवढंच. भरवायला एका वेळी पाऊण तास. रात्री तीन-चार वेळा उठणं. बेरीज केली तर निव्वळ सासूबाईंचं करण्यात दिवसाचे नऊ तासांच्या वर जात होते. स्वयंपाक, पाणी, गुरं, परसातलं काम हे त्याखेरीज. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरातल्या माणसांची काळजी घेणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी १३४ मिनिटं वेळ जातो असं आढळलं, तर पुरुषांचा ७६ मिनिटं. सुमनचा आकडा त्या सरासरीच्या चौपट होता. तिला स्वतःलाही तो कागदावर पाहीपर्यंत ठाऊक नव्हता.

पर्याय

शहरातल्या ब्युरोकडून बाई ठेवणं हा पहिला पर्याय. महिन्याचा खर्च दोन्ही दिरांना मिळूनही झेपण्यासारखा नव्हता, आणि पाखाडी उतरून अशा वाडीत मुक्कामी राहायला कुणी तयार होत नव्हतं. वृद्धाश्रमाचं नाव धाकट्या दिराने फोनवर काढलं. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घेणारी ठिकाणं मोजकी, आणि सासूबाईंना विचारलं तेव्हा त्यांनी हात झटकून मान भिंतीकडे फिरवली. त्यांचं उत्तर आम्ही निर्णायक मानलं.

तिसरा पर्याय कायद्याचा. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा, २००७ प्रमाणे सासूबाईंच्या वतीने संस्थेला प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि मुलांना दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च द्यायला लावता येतो. यावर आमच्यात बराच वाद झाला. एका कार्यकर्तीचं म्हणणं, मुलगे पैसे देत नाहीत तर कायदा आहे कशाला? मुद्दा बरोबर होता. पण या कायद्यातल्या ‘मुलं’ या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातवंडं येतात, सून येत नाही. म्हणजे सासूला सांभाळायची कायदेशीर जबाबदारी सुमनवर नाहीच, आणि केलेल्या कामाबद्दल काही मागायचा हक्कही तिला हा कायदा देत नाही. आदेश निघेल तो सासूबाईंच्या नावे, आणि त्याचा राग निघेल तो सुमनवर, जी त्याच घरात राहणार. आम्ही हा मार्ग बंद केला नाही, पण मागे ठेवला.

सांभाळ करणाऱ्यासाठी म्हणून सरकारी भत्ता मिळतो का, तेही पाहिलं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या व्याख्येत मोबदला घेऊन किंवा न घेता काळजी घेणारे घरचे लोकही येतात, आणि जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेखही त्या कायद्यात आहे. केरळमध्ये ‘आश्वासकिरणम्’ नावाची योजना अंथरुणाला खिळलेल्यांचं करणाऱ्या घरच्या माणसाला दरमहा ६०० रुपये देते. आमच्या तालुक्यात चौकशी केली तेव्हा सुमनसाठी भरता येईल असा अर्ज कुणी दाखवू शकलं नाही. सहाशे रुपयांत काही भागत नाही, पण तुझं हे काम आहे असं सरकार लेखी म्हणतं, त्याला मोल आहे. महाराष्ट्राने हे करायला हवं असं आम्हाला मनापासून वाटतं.

उरला तो शेवटचा पर्याय: वाडीतली माणसं, नणंद आणि दीर यांच्यात काम आणि खर्च वाटून देणं.

केलेली कामं

खाटेपासून सुरुवात केली. चारही पायांखाली चिरे ठेवून खाट सुमनच्या कंबरेच्या उंचीला आणली आणि एक बाजू भिंतीला लावली. ओढायचं नाही, अंगाखालच्या आडव्या चादरीने वळवायचं, हे परिचारिकाबाईंनी तिला, मुलीला आणि नणंदेला हाताला धरून शिकवलं. टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली उशी. भरवताना पाठीला टेका देऊन बसवायचं आणि त्यानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. नुसत्या पाण्याने ठसका लागतो म्हणून घट्ट पेज आणि आंबील.

गादीवरून एक निर्णय घ्यावा लागला. आमच्याकडे हवेची गादी शिल्लक होती, आणि बेडसोर म्हटलं की घरच्यांना तीच हवी असते. पण ती विजेवर चालते. पावसाळ्यात झाड पडून लाइन गेली की त्या वाडीत दोन-दोन दिवस वीज नसते, आणि हवा गेलेली गादी म्हणजे पुन्हा फळीवर झोपणं. आम्ही जाड फोमची गादी दिली.

त्याहून अवघड निर्णय रात्रीचा होता. दर दोन तासांनी कूस बदलायची असं सगळीकडे सांगितलं जातं. दिवसा ते जमत होतं. रात्रीही तेच करायचं तर सुमन कधीच सलग झोपणार नाही, आणि १८० रक्तदाबाची बाई कोसळली तर दोघींचंही कोण करणार? परिचारिकाबाईंनी काही दिवस रोज सकाळी कातडी तपासायला सांगितली. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडतो का, तेवढं पाहायचं. तो पडतो हे दिसल्यावर फोमच्या गादीवर रात्रीचं अंतर चार तासांपर्यंत वाढवायला त्यांनी परवानगी दिली. साडेदहा, अडीच, साडेसहा. सुमनला कितीतरी महिन्यांनी चार तास सलग झोप मिळाली. या प्रकरणात आम्ही केलेल्या सगळ्या मदतीत मला ही सर्वांत मोठी वाटते, आणि तिला एक पैसाही लागला नाही.

बसायला माणूस हवा होता. बचतगटाच्या बायकांनी स्पष्टच सांगितलं, ‘बसायला बसू, पण शी-शूचं काम नाय जमायचं.’ त्यांना गळ घालावी असं एका कार्यकर्तीला वाटत होतं. आम्ही तसं केलं नाही. सकाळचं सगळं उरकल्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते सहा एकीने बसायचं, एवढंच मागितलं. पैसे द्यावेत का, यावरही चर्चा झाली. पण गटानेच तोड काढली. सुमनने काम सोडल्यापासून गटाच्या वहीचा घोळ झाला होता. तिने घरी बसून वही लिहायची आणि त्यांनी पाळीने बसायचं, असा पैरा, म्हणजे कामाची अदलाबदल, ठरला. सुमन पहिल्या मंगळवारी आरोग्य केंद्रात जाऊन गोळ्या घेऊन आली. पहिल्या शुक्रवारी ती कुठेच गेली नाही. मागल्या पडवीत झोपली.

पैशांची एक वाट अडली होती तीही मोकळी केली. सासूबाईंना वृद्धांसाठीच्या सरकारी श्रावणबाळ योजनेचे दरमहा १५०० रुपये मंजूर होते, पण त्यांना बँकेत नेणं शक्य नसल्याने ते काढले जात नव्हते. पोस्टमन घरी येऊन अंगठा घेऊन रक्कम देऊ शकतो, हे घरात कुणाला माहीत नव्हतं. उजव्या हाताचे ठसे उमटेनात, डाव्याचे उमटले.

गणपतीतली बैठक

सगळी भावंडं एका छपराखाली येतात ती गणपतीतच. गावकीपुढे विषय न्यावा असं एका शेजाऱ्यांनी सुचवलं होतं. चारचौघांत लाज वाटून पैसे निघतीलही, पण सुमनने घराची लाज काढली हे कायमचं बोललं जाईल, म्हणून आम्ही नकार दिला. त्याऐवजी आधी प्रत्येकाशी फोनवर वेगवेगळं बोललो. नणंद गौरीला माहेरी येणार होती. गौरीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, विसर्जनाची लगबग सुरू व्हायच्या आत बसायचं ठरलं. पुरुषमंडळी ओटीवर बसू लागली तेव्हा आम्ही माजघरात, सासूबाईंच्या खाटेशी बसायचा आग्रह धरला. ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांना ऐकू यायला हवं होतं.

थोरले दीर म्हणाले, ‘ती घरातच तर असते. किराणा आम्ही भरतोच की.’ त्यावर मुलीने कॅलेंडरचे कागद वाचून दाखवले. वेळ, काम, वेळ, काम. वाचून व्हायला बराच वेळ लागला. मधे कुणी बोललं नाही. मग नणंद म्हणाली, ‘दादा, आजची रात्र तू आईजवळ झोप.’ ते झोपले नाहीत. त्यांची बायको झोपली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच नवऱ्याला म्हणाली की दरमहा पाठवा.

ठरलं ते साध्या कागदावर लिहिलं. दोघा भावांनी दरमहा ठरावीक रक्कम सुमनच्या खात्यात टाकायची. खातं कुणाचं, यावर घासाघीस झाली. ‘आईसाठी पैसे तर आईच्या खात्यात’ असं थोरल्यांचं म्हणणं. आम्ही सुमनच्या बाजूने ठाम राहिलो. नणंदेने महिन्यातून चार दिवस मुक्कामाला यायचं आणि तेव्हा सुमनने माहेरी जायचं. या कागदाला कायद्याचं बळ नाही, हे आम्ही तिथेच सांगितलं.

घराचा आणि जमिनीचा विषय त्या बैठकीत मुद्दाम काढला नाही. काढला असता तर नऊ तासांचा हिशेब वाटणीसाठी मांडलाय असा अर्थ झाला असता. दिवाळीनंतर सुमनला आणि नणंदेला एकत्र बसवून माहिती दिली. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे वडिलांआधी वारलेल्या मुलाची विधवा आणि मुलगी या सासऱ्यांच्या पहिल्या वर्गातल्या वारस आहेत. हक्क सासरे गेले त्या दिवशीच तयार झाला, राहिली होती ती फक्त नोंद. वारस नोंदीचा अर्ज एकटी वारसही देऊ शकते, नोटीस सगळ्यांना जाते. थोरल्यांनी ‘आई असताना घाई कशाला’ म्हणून पाहिलं, धाकट्यांनी आणि नणंदेने संमती दिली.

काय निष्पन्न झालं

बेडसोर ऑक्टोबरअखेर भरला. सुमनचा रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात आला. मार्चमध्ये काजूचा हंगाम सुरू झाला तेव्हा ती पुन्हा अर्धा दिवस सोलणीला जाऊ लागली. शिमग्याच्या आधी फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर सासूबाई, दोन दीर, नणंद यांच्याबरोबर सुमनचं आणि तिच्या मुलीचं नाव लागलं.

धाकट्या दिराचे पैसे नियमित आले. थोरल्यांचे चार महिने आले, मग थांबले. नणंद पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत येऊ शकली नाही. त्या काळात गटाच्या बायकाही शेतात होत्या, आणि सुमन पुन्हा एकटी पडली.

पुढल्या श्रावणात सासूबाई न्यूमोनियाने गेल्या.

वेगळं काय करता आलं असतं

लावणीचे ते आठवडे आधीच दिसत होते. पाळ्या लावताना वर्षाचं शेतीचं वेळापत्रक समोर ठेवलं तर त्या दिवसांसाठी मानधन देऊन एक बाई ठरवता येते. आता आम्ही जुलैसाठी तेवढे पैसे वेगळे काढतो.

थोरल्यांचे पैसे थांबले तेव्हा २००७ च्या कायद्याचा मार्ग पुन्हा विचारात घ्यायचा की नाही, यावर आमच्यात अजूनही एकमत नाही. न्यायाधिकरण थेट आदेश न देता आधी समझोता अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवू शकतं. त्या टप्प्यापुरता अर्ज केला असता तर कदाचित ते ताळ्यावर आले असते. सुमनला विचारलं तेव्हा तिने नको सांगितलं, आणि तिचा शब्द अखेरचा मानायचा हे सुरुवातीलाच ठरलेलं होतं.

फिजिओथेरपीचा विचार फार उशिरा झाला. झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बसणं, कूस बदलणं यात सुधारणा व्हायची शक्यता जास्त असते. आमच्यापर्यंत प्रकरण आलं तेव्हा तीन वर्षं उलटली होती. म्हणून आता रुग्णालयातून घरी सोडतानाच रुग्णाचा पत्ता आम्हाला मिळावा यासाठी तालुक्यातल्या आशाताईंशी बोलणी केली आहेत.

आणि मृत्यूनंतरचा प्रश्न. साहित्य परत आलं की नोंद बंद करायची, अशी पूर्वी पद्धत होती. सुमनच्या बाबतीत आम्ही ती चालू ठेवली. ती अजून रात्री अडीचला जागी होते. चार वर्षं ज्या कामात गेली ते अचानक संपलं, आणि ‘आता तू मोकळी झालीस’ असं भेटायला येणारे म्हणत राहिले. ते ऐकून ती चिडायची, मग रडायची. आमच्या कार्यकर्तीने तिला सांभाळ करणाऱ्या इतर बायकांच्या महिन्याच्या बैठकीत आणलं. दोन महिने ती गप्प बसली. तिसऱ्या बैठकीत एका नव्या मुलीला तिने चादरीने कूस बदलायची कशी ते करून दाखवलं.

सासूबाईंच्या हिश्श्याची नोंद आता नव्याने करायची आहे. त्या हिश्श्यात सुमन वारस नाही, तिची मुलगी आहे. घराचा उतारा, म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८, अजून सासऱ्यांच्या नावे आहे. थोरल्या दिरांना घर पाडून स्लॅबचं बांधायचं आहे. नमुना ८ वर सगळ्या वारसांची नावं लावायचा अर्ज सुमनने स्वतः लिहून ग्रामपंचायतीत दिला आहे, आणि त्याची पोच तिच्याकडे आहे.